पेशीत कुणी बसून नाही

पाठ्यपुस्तकातली पेशी फार शहाणी असते. मधोमध जांभळं केंद्रक, बाजूला दोन-तीन मायटोकाँड्रिया, कडेला गॉल्जी पिंड आणि सगळे आपापल्या जागी गुपचूप. बाणांपुढे नावं लिहिली की गुण पदरात. या चित्राचा दोष एवढाच, की त्यात काही हलत नाही. खऱ्या पेशीत सतत रेटारेटी चालू असते. अकरावी-बारावीच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेले रेणू तिथे काय वेगाने कामं उपसतात, हे कळलं की पाठांतराचा कंटाळा निम्म्याने कमी होतो. तो कमी व्हावा, म्हणूनच हा खटाटोप.

आधी मोजदाद

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये माणसाच्या पेशींचा नवा हिशेब मांडला. त्यांचा अंदाज साधारण 30 लाख कोटी. त्यातल्या 84 टक्के पेशी निव्वळ तांबड्या रक्तपेशी! वजनात मात्र बाजी मारतात स्नायू आणि चरबीच्या पेशी, कारण त्या संख्येने थोड्या असल्या तरी अंगापिंडाने दांडग्या. याच हिशेबात आपल्या अंगातले जिवाणू 38 लाख कोटी निघाले. आपल्या पेशींपेक्षा जिवाणू दहापट, असं अजूनही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो आकडा आता सोडून द्यायला हवा.

तांबडी पेशी जगते जेमतेम 120 दिवस. त्यामुळे भरपाईसाठी अस्थिमज्जेला दर सेकंदाला 20 लाखांहून जास्त नव्या पेशी तयार कराव्या लागतात. प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू ठासून भरलेले. एवढे मावावेत म्हणून ही पेशी केंद्रक टाकून देते, मायटोकाँड्रियाही टाकून देते. मग गंमत अशी होते, की जन्मभर ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतःसाठी त्यातला कणभरही वापरत नाही. तिचं भागतं ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडून.

उंटाच्या तांबड्या पेशी गोल नसून लंबगोल असतात. तहानलेला उंट एका दमात भरपूर पाणी पितो, रक्त एकदम पातळ होतं, तरी त्या पेशी फुगतात पण फुटत नाहीत.

दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं एटीपी

एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जा-चलन, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पुढचा हिशेब सहसा कुणी सांगत नाही. कोणत्याही क्षणी आपल्या अख्ख्या शरीरात एटीपी असतं फार तर 50 ते 100 ग्रॅम. आणि दिवसभरात वापरलं जातं साधारण आपल्या वजनाएवढं! म्हणजे एकच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जोडला जातो.

ही जोडणी करणारं यंत्र खरोखर फिरतं. एटीपी सिंथेज नावाचं हे प्रथिन मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात रुतून बसलेलं असतं. पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन दाटतात आणि या प्रथिनातून वाट काढत पलीकडे जातात. जाताना त्याचा मधला दांडा फिरवतात. एका फेरीत तीन एटीपी तयार, आणि अशा फेऱ्या सेकंदाला शंभराहून अधिक. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी या दांड्याला अॅक्टिनचा चमकणारा तंतू चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगरा फिरताना प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्राचा उलगडा केल्याबद्दल नोबेल मिळालं.

पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब ऐकायला किरकोळ वाटतो, सुमारे 0.15 व्होल्ट. पण पटलाची जाडी किती, तर 5 नॅनोमीटर. भागाकार करून बघा: मीटरला 3 कोटी व्होल्ट. हवेतून ठिणगी उडायला मीटरला 30 लाख व्होल्ट पुरतात. त्याच्या दहापट ताण पेलत आपली मायटोकाँड्रिया चोवीस तास काम करतात.

एटीपीच्या शोधात एक भारतीय नाव आहे आणि ते प्रत्येक वर्गात घेतलं जायला हवं, असं मला फार वाटतं. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म 1895, आंध्रातलं भीमावरम. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत काम करताना त्यांनी 1929 मध्ये स्नायूंमधून एटीपी वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही तोच शोध स्वतंत्रपणे लावला. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत प्रयोगशाळांमध्ये आजही चालते. नोबेल त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

बटाटा आणि कमलाबाई

आता गोष्ट बटाट्याची. ती थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या माणसाची आहे.

1933 साली मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन कमला भागवत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. हट्टाने उभ्या राहिल्या, जाचक अटी मान्य केल्या आणि पहिलं वर्ष उमेदवारीवर काढलं. कामाने त्यांनी संस्थेलाच मत बदलायला लावलं. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण, तेव्हा हा कणखरपणा घरातलाच म्हणायचा.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. डेव्हिड केलिन यांनी तिथेच 1925 मध्ये सायटोक्रोमचं काम मांडलं होतं. हे रंगीत प्रथिन मायटोकाँड्रियात इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींमध्येही असतं, हे दाखवलं. झाड आणि माणूस श्वसनाची एकच साखळी वापरतात, असा त्याचा अर्थ. 1939 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली, तीही जेमतेम 40 पानांच्या प्रबंधावर. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं आणि त्याच संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोचल्या.

सायटोक्रोम सी हे प्रथिन आहेच मोठं मजेचं. माणसात ते 104 अमिनो आम्लांचं, आणि चिंपांझीतही अगदी तेच, एकही फरक नाही. ऱ्हीसस माकडात फक्त एक अमिनो आम्ल वेगळं. उत्क्रांतीचा एवढा स्वच्छ पुरावा शोधायला जीवाश्म खणावे लागत नाहीत.

शिवाय या प्रथिनाचं दुसरं काम कळलं ते थेट 1996 मध्ये. पेशीची मोडतोड हाताबाहेर गेली की सायटोक्रोम सी मायटोकाँड्रियामधून बाहेर झिरपतं, आणि तोच पेशीने स्वतःला संपवण्याचा इशारा ठरतो. जगवणारं आणि मरणाची वर्दी देणारं प्रथिन एकच.

अशा ठरवून मरण्यावर आपली बोटंसुद्धा उभी आहेत. गर्भात हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. सिनोरॅब्डायटिस एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीत तर हिशेब एका पेशीनेही चुकत नाही. वाढताना 1090 पेशी तयार होतात, त्यातल्या 131 मरतात, उरतात 959. प्रत्येक कृमीत याच, प्रत्येक वेळी याच. ही मोजणी करणाऱ्यांना 2002 मध्ये नोबेल मिळालं.

चालणारी प्रथिनं

कायनेसिन या प्रथिनाला दोन पाय असतात. डोक्यावर बोचकं घेतलेल्या माणसासारखं ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून एकेक पाऊल टाकत चालतं. पाऊल 8 नॅनोमीटरचं, दर पावलाला एक एटीपी खर्च, आणि सेकंदाला शंभरेक पावलं. हे सापडलं 1985 मध्ये, स्क्विड म्हणजे आपल्या माकुलच्या भल्या जाड चेतातंतूत. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी आपली चेतापेशी मीटरभर लांब असते. तिच्या एका टोकाला तयार झालेला माल दुसऱ्या टोकाला असाच, चालत जातो आणि पोचायला काही दिवस घेतो.

सर्वांत चपळ, सर्वांत संथ

पेशीतल्या विकरांची शर्यत लावली तर कार्बोनिक अॅनहायड्रेजचा नंबर अगदी वर लागेल. रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळवणारं हे विकर सेकंदाला सुमारे 10 लाख रेणू हातावेगळे करतं. शेवटी रखडत येईल रुबिस्को. जगातल्या बहुतेक साऱ्या अन्नाची सुरुवात ज्याच्यापासून होते, ते हे विकर सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू उरकतं. त्यातही अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं. मग झाडं करतात काय, तर रुबिस्कोच भरमसाट बनवतात. म्हणून ते पृथ्वीवरच्या सर्वांत मुबलक प्रथिनांपैकी एक.

ऊस, मका आणि ज्वारी यांनी या घोळावर उपाय शोधला आहे. ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या पेशींत पकडतात आणि मग रुबिस्कोभोवती त्याची गर्दी करतात. ऑक्सिजनला शिरकावच मिळत नाही. हा सी-फोर मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उलगडला, ऑस्ट्रेलियात एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, उसावरच. सोलापूरच्या रणरणत्या उन्हात ज्वारी तग धरते, त्यात या पेशीरचनेचा मोठा वाटा आहे.

विकर नसतं तर? डीएनए आणि आरएनएचे घटक बनवण्यातली एक अभिक्रिया अशी आहे, की आपली आपण होऊ दिली तर निम्मे रेणू बदलायला 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील. तेवढ्या वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते. विकर हजर असेल तर तेच काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आटोपतं.

आपल्याच तोंडात करून बघण्याजोगा प्रयोग: भाकरीचा कोरडा तुकडा गिळायची घाई न करता चावत राहा. गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज पिष्ट फोडून माल्टोज बनवतं, त्याची ती गोडी. कागद मात्र कितीही चघळा, गोड होणार नाही. गंमत म्हणजे कागदातला सेल्युलोजही ग्लुकोजचाच बनलेला. फक्त दोन ग्लुकोजमधला बंध उलट्या बाजूने जोडलेला आहे, आणि तेवढ्यानेच आपली विकरं हात टेकतात. गाय कडबा पचवते, तेही स्वतःच्या बळावर नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी ते काम करतात.

थिजलेलं खोबरेल

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, शेंगदाण्याच्या तेलाची नाही. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त, सरळसोट. ती एकमेकांना चिकटून दाटीने बसतात आणि तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. शेंगदाणा तेलातल्या मेदाम्लांना दुहेरी बंधाशी बाक असतो, त्यामुळे ती नीट रचली जात नाहीत. पेशीपटलातही हाच खेळ चालतो. थंड पाण्यातले मासे आपल्या पटलात बाकवाल्या मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात, नाहीतर पटल कडक होऊन त्यातली प्रथिनं अडकून पडतील.

या तेलकट पटलातून पाणी एवढ्या झपाट्याने ये-जा कसं करतं, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. पीटर अॅग्री रक्तगटाच्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा येत राहिलं. नको असलेली भेसळ म्हणून त्यांनी ते टाकून दिलं नाही. 1992 मध्ये सिद्ध झालं की तीच पाण्याची वाट, अॅक्वापोरिन. एका वाटेतून सेकंदाला सुमारे 300 कोटी पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, आणि प्रोटॉनला मात्र शिरता येत नाही. 2003 चं नोबेल या भेसळीला मिळालं.

मीठ-साखरेची पुडी

पेशीपटलाच्या ज्ञानाने सर्वांत जास्त जीव कुठे वाचवले असतील, तर ते जुलाबाच्या साथीत. माझ्या मते बारावीच्या जीवशास्त्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

पटकीचा जिवाणू आतड्यात एक विष सोडतो. ते विषच सारा अनर्थ करतं, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं. विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड बाहेर फेकत राहतात, त्यामागोमाग पाणी जातं आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. नुसतं पाणी पाजून उपयोग नाही, ते शोषलंच जात नाही. नुसत्या मिठानेही भागत नाही.

पण त्याच पेशींच्या पटलावर एक वाहक प्रथिन असतं, आणि विष त्याला धक्का लावत नाही. त्याला सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही एकदम लागतात. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज मिळालं की ते तिघांना आत ओढतं, आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप आत येतं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली होती.

अकरा वर्षांनी तिचा कस लागला. 1971, बांगलादेश युद्ध, सीमेवरच्या बनगावला निर्वासितांची छावणी, त्यात पटकी. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत द्रावण कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण आधी सुमारे 30 टक्के होतं. या उपचारानंतर ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. महालनबीस 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

घरी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण नीट पाळायचं, कारण साखर जास्त झाली तर ती उलट पाणीच बाहेर खेचते.

कांगारूची शेपटी मद्रासला

कोलॅजेन हे आपल्या अंगातलं सर्वांत मुबलक प्रथिन: कातडी, हाडं, स्नायुबंध सगळीकडे तेच. त्याची रचना मद्रासमध्ये उलगडली. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूवर क्ष-किरण टाकून 1954 मध्ये तिहेरी गोफाचं प्रारूप मांडलं. गोफाच्या आतल्या बाजूला जागा इतकी कमी, की दर तिसऱ्या ठिकाणी ग्लायसीन हे सर्वांत चिमुकलं अमिनो आम्लच बसू शकतं. त्याच्या जागी दुसरं कुणी आलं तर हाडं ठिसूळ होण्याचा आजार होऊ शकतो. हा गोफ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. बकरी ते स्वतःच्या अंगात बनवते, आपल्याला ते जमत नाही. म्हणून आवळा, पेरू, लिंबू खायचे.

एक पेशी, एक झाड

रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर कॉलर्पा नावाचं हिरवं शेवाळ वाढतं. त्याला पानासारखे, देठासारखे, मुळासारखे भाग असतात, आणि तरीही ते सारं मिळून एकच पेशी! आत भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. जिवाणूंमध्ये असा विक्रम थायोमार्गारिटा मॅग्निफिकाचा. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूपच्या खारफुटीत सापडलेला हा जिवाणू 2022 मध्ये जगासमोर आला. त्याची लांबी सेंटिमीटरभर, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी.

चुकीचे 48

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? 46, हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण 1923 पासून तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत 48 छापलं जात होतं. थिओफिलस पेंटर यांनी तो आकडा दिला होता, आणि पुढच्यांनाही 48 च दिसत राहिले. गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली असत, मोजायची तरी कशी? वाट दाखवली साध्या परासरणाने. पेशी पातळ द्रावणात ठेवली की पाणी आत शिरतं, ती फुगते आणि गुणसूत्रं सुटी होतात. डिसेंबर 1955 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जावात जन्मलेल्या जो हिन चिओ यांनी अशा पेशींत नीट मोजून पाहिलं. 46 भरली.

या 46 गुणसूत्रांतला डीएनए सरळ केला तर साधारण 2 मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून.

कांद्याची गुणसूत्रं त्या मानाने सुखाची: फक्त 16, आणि चांगली लांब. म्हणून प्रॅक्टिकलला कांदाच घेतात. बुड टेकेल इतपत पाणी ग्लासात भरून वर कांदा ठेवला की तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापायचा, अॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात मुरवायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करायचा, अॅसिटोकार्मिनने रंगवायचा आणि टिपकागदावरून अंगठ्याने चेपायचा. चेपताना कव्हरस्लिप सरकली की पेशी गुंडाळल्या जातात, तेव्हा अंगठा सरळ खाली दाबायचा.

भिंगाखाली बहुतेक पेशींत नुसता लाल गोळा दिसेल. तिथेच सोडून देऊ नका, स्लाइड हळूहळू सरकवत राहा. मुळाच्या अगदी टोकाजवळ एखाद्या पेशीत गुणसूत्रं मधोमध ओळीत आलेली सापडतील, तर शेजारच्या पेशीत दोन बाजूंना ओढली जात असताना रंगात पकडली गेलेली. मोजायची असतील तर पहिली पेशी घ्या, आणि 16 भरेपर्यंत मोजा.